झीलकऱ्याचं मत

करिष्मा परीक्षक व्हा म्हणून विचारायला आली, तेव्हा कोंडाजीला वाटलं, स्वागतगीतात मागं उभं राहायला माणूस कमी पडत असणार. तो लगेच हो म्हणाला. किती वाजता यायचं, पेटीवर कोण आहे, फेटा लागेल का, एवढंच त्यानं विचारलं.

गायचं नाहीये काका, बसायचंय, असं तिला पुन्हा सांगावं लागलं. चिंचवडच्या नाट्यगृहात रविवारी दुपारी दोन परदेशी कलाकार एकमेकांशी शब्दांनी भांडणार होते. कोरियाचा एक तरुण आणि सेनेगलची एक बाई. रॅप बॅटल. स्टेजसमोर टेबल, त्यावर तीन माइक, मागं तीन खुर्च्या. भांडण संपलं की कोण जिंकलं ते तिघांनी सांगायचं, आणि त्यातली एक खुर्ची कोंडाजीची.

अंबूबाई, त्याची बायको, दारात बसून मटार सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चाळीस वर्सांत कुठली भाजी करू ते ह्या माणसानं सांगितलं न्हाई. कर काय बी, म्हणतो. आन् आता देशादेशाचा निवाडा करणार."

कोंडाजी हसला. पण ते रुतलं, कारण खोटं नव्हतं.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यानं सत्तावीस वर्षं काढली होती. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, दणका बसला की तयार भाग काढून पुढं सरकवायचा. दोन दणक्यांच्या मधल्या जागेत तो काहीतरी गुणगुणत असे. करिष्मा तिथं क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागली आणि आठवड्याभरातच तिच्या लक्षात आलं, की हा माणूस मशीनवर मात करून गात नाही, मशीन थांबेल तिथं गातो. ती स्वतः सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर मराठीत रॅप करायची. शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघताना ती त्याला आपले बोल म्हणून दाखवी आणि तो श्वास कुठं चुकला ते सांगे. तो रिटायर झाल्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

कारखाना पोटासाठी होता. त्याचं गाणं होतं खेडच्या बाजूच्या जत्रांमध्ये. मालोजी शाहीर तुरेवाले, आणि कोंडाजी त्यांचा मुख्य झीलकरी. शाहीर डफ घेऊन पुढं उभा राहतो आणि कडव्याचा शेवट टाकतो. मागचा झीलकरी तो शेवट उचलतो आणि "जी जी रं जी" करत उंच लांबवत नेतो. तेवढ्यात शाहिरानं घोटभर पाणी प्यायचं, पुढची ओळ जुळवायची. समोरच्या कलगीवाल्यांनी अवघड सवाल टाकला आणि मालोजीला जवाब सापडेना, की कोंडाजी झील ताणायचा. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. मग मालोजीला सापडायचं, लोक शिट्ट्या मारायचे आणि पंच उठून मालोजीच्या हातात नारळ द्यायचे. पंच शाहिराचे बोल मोजत. झील कुणी मोजत नसे. ती मोजायची असते हे कुणाच्या मनातही येत नसे, कोंडाजीच्याही नाही. कुणी कौतुक केलंच तर तो म्हणे, आमचं काय, नुसतं जी जी.

मालोजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून कोंडाजी कुणाच्याच मागं उभा राहिला नव्हता.

त्यांची भाषा मला कळत न्हाई, मी काय न्याय देणार, असं त्यानं करिष्माला विचारून पाहिलं.

"त्या दोघांना तरी एकमेकांची कुठं कळते, काका," ती म्हणाली.

मग तिनं नीट समजावलं. दोन फेऱ्या असणार. पहिलीत टोमणे, दुसरीत जवाब. प्रत्येकीत सोळा ओळी. दोघांनी लिहिलेलं सगळं एकमेकांना आधीच पोचलं होतं आणि करिष्मानं दोन दुभाष्यांबरोबर बसून त्याचं मराठी केलं होतं. परीक्षकांच्या हातात ते कागद असणार. कोण कुठल्या ओळीवर आहे ते बोट ठेवून कळावं, म्हणून ओळींना आकडेही घातले होते. कार्यक्रम करणाऱ्या मंडळातल्या लोकांना एखादा नावाजलेला गायक हवा होता. हिनं भांडून कोंडाजीचं नाव घातलं होतं. ते ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावरून त्याला कळलं.

तिच्यासाठी तो कबूल झाला. ती गेल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आलं. आपल्या एका शब्दानं कुणीतरी जिंकणार, कुणीतरी हरणार. असा शब्द त्यानं आयुष्यात कधी तोंडातून काढला नव्हता. चुकला तर कुणाच्या आडोशाला जायचं? पुढं मालोजी नव्हता.

रविवारी करिष्मा त्याला स्कूटीवर घेऊन गेली. मोशीच्या चौकात दोन कंटेनरच्या मधे पाऊण तास गेला आणि तेवढ्यात त्यानं कागद दोनदा वाचून काढले. नाट्यगृह भरलेलं होतं. कॉलेजची पोरं होती, तळेगावच्या कंपन्यांतली कोरियन कुटुंबं होती, पुण्यात शिकणारी आफ्रिकेतली मुलं पिवळ्या-हिरव्या शर्टांत आली होती.

टेबलावर आणखी दोघं होते. सुखदा कॉलेजात संगीत शिकवायची, पेन्सिलीला टोक काढून तयार बसली होती. अवधूत पिंपळे गुरवचा, स्वतः रॅप करणारा, टोपी उलटी घातलेला. त्यानं कोंडाजीला एक नियम सांगितला. म्हणणारा मधेच विसरून थांबला, की त्याच्यामागचा ठेका चार आवर्तनं वाजत राहील. चारांच्या आत तो परत आला तर फेरी पुढं चालू. नाही आला तर फेरी तिथंच खलास.

"तुमच्यात काय करायचे हो, कुणी अडला तर?" अवधूतनं विचारलं.

"आमच्यात आमी असायचो की," कोंडाजी म्हणाला, आणि अवधूतला ते कळलं नाही.

आधी आवा आली. डाकारची, कोळ्यांच्या वस्तीतली. उंच बाई, डोक्याला निळं फडकं, हात कमरेवर. मिन-हो समोर उभा होता, उल्सान नावाच्या जहाजं बांधणाऱ्या गावचा, केस समुद्रासारखे हिरवे-निळे रंगवलेला. ती त्याच्याभोवती बाजारात मासा पारखत फिरावं तशी फिरली आणि बोलायला लागली. कोंडाजीनं कागदावर बोट ठेवलं.

तुझ्या गावी लोखंडाच्या पोटातून जहाजं जन्मतात,
तू अजून आईच्या हातचं सूप पितोस.
केसांना रंग दिलास समुद्राचा,
समुद्राला विचार, तो तुला ओळखतो का.

कोंडाजी मोठ्यानं हसला आणि मग परीक्षकानं हसावं की नाही म्हणून गप्प झाला. पण त्याचं बोट आता आपोआप सरकत होतं. शब्द परके असले तरी ओळ कुठं वळते, टोमणा कुठं ठेवलाय, श्वास कुठं चोरलाय, सगळं ओळखीचं होतं. ही कलगीचीच चाल, त्याच्या मनात आलं. अंगावर येऊन बोलायचं, हसत.

मिन-होची तऱ्हा वेगळी. तो हलला नाही. हळू आवाजात, जवळजवळ लाडानं म्हणाला, की तू म्हणतेस तुझ्या हाकेनं होड्या किनाऱ्याला लागतात, मग मासे का पळून जातात? कोरियन बायका-पोरं खुदखुदली. सुखदानं काहीतरी टिपून घेतलं.

दुसऱ्या फेरीत आवानं पहिल्याच ओळीत परतफेड केली. मासे पळाले, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं की आज तू गाणार आहेस. नाट्यगृह उठून बसलं. त्यानंतर ती खाली उतरली, म्हणजे आवाजानं. आपल्या वस्तीबद्दल बोलली, रंगवलेल्या होड्यांबद्दल, रिकाम्या परत येणाऱ्या जाळ्यांबद्दल, आणि शेवटी पुन्हा वर चढून त्याच्या केसांवर येऊन थांबली. सोळाच्या सोळा ओळी. कुठंही धाप नाही. कोंडाजीनं मान डोलावली.

आता शेवटचा मिन-हो. त्यानं सूप उचललं. आईच्या सुपाला हसलीस ना, तर ऐक. माझी आई जहाजाच्या गोदीत तीनशे वेल्डरांसाठी सूप करते. तिची पळी पातेल्याच्या कडेला आपटते, तोच माझा ठेका. मी तो चोरला, ती मला रागावली नाही. हॉलमधल्या काही बायका नुसत्या बघत राहिल्या. आठवी ओळ संपली. कोंडाजीचं बोट नवव्यावर गेलं.

मिन-हो थांबला.

कागदावर नववी ओळ होती: वडिलांचं हेल्मेट खुंटीला आहे, त्याखालचा माणूस कामावरून आला नाही.

मागं ठेका चालू होता. पहिलं आवर्तन गेलं. पोराचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. तो विसरला नव्हता. ओळ तिथंच होती, घशाशी, आणि बाहेर येत नव्हती. प्रेस शॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला खुंटीवरच्या हेल्मेटचं वेगळं सांगावं लागत नव्हतं. दुसरं आवर्तन गेलं. आवानं कमरेवरचे हात खाली घेतले.

आणि कुणीतरी झील धरली.

उंच, लांब, सरळ रेघेसारखी, "जी जी रं जी, जी जी". कोंडाजीला आधी वाटलं, दुसरंच कुणी गातंय. मग त्याला आपला हात कानावर सापडला. माइक चालू होता. आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता, आणि तो थांबवायचं त्याच्या हातात नव्हतं, कारण समोरच्याचं तोंड उघडं असताना झील सोडायची नसते, एवढं एकच त्याच्या गळ्याला शिकवलेलं होतं.

तिसऱ्या आवर्तनावर मिन-हो परत आला. नववी ओळ म्हणाला, नीट, सावकाश. मग दहावी. कोंडाजीची झील त्याच्याखाली गेली आणि विझली, आणि पुढच्या सहा ओळी त्या पोरानं अशा म्हटल्या, की कागद बघायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय.

निकालाआधी पाच मिनिटं होती. अवधूत त्याच्याकडं वळून म्हणाला, "काय टाकलंत काका. अंगावर काटा आला राव."

 कोंडाजीनं विचारलं, हे नियमात बसतं का. अवधूत म्हणाला, परीक्षकानं आवाज काढू नये असं कुठंच लिहिलेलं नाही, आणि पोरगं तिसऱ्यात परत आलं, म्हणजे फेरी धरायची. सुखदाचं म्हणणं, तो तुमच्यामुळेच आला असं कशावरून? आपला आपणही आला असता. करिष्मा वाकून टेबलापाशी आली. तिनंही तेच सांगितलं, लोकांना आवडलंय, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, जे वाटतं ते मत द्या.

सगळे त्याच्यासाठी वाट मोकळी करून देत होते. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, जे तो जन्मभर म्हणत आला. त्यात काय, नुसतं जी जी. मग मत मिन-होचं. मनानं तर ते त्याचंच होतं. शेवटच्या सहा ओळींसारखं कोंडाजीनं फार दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

पण त्याला एक गोष्ट आठवली, जी त्यानं अंबूबाईलाही सांगितली नव्हती. कलगीवाल्यांशी मोठा सामना झाला होता, मालोजी जिंकला होता, आणि राजगुरुनगरहून येणाऱ्या एसटीत दोघं मागच्या बाकावर बसले होते. मालोजीनं खिडकीकडं बघत सांगितलं होतं, कोंड्या, आज तू सोडली असतीस तर मी गेलो होतो. एवढं बोलून तो नारळ मांडीवर घेऊन झोपला. कोंडाजी घर येईपर्यंत जागा होता. सकाळी त्यानं ठरवलं, शाहीर दमला होता, बोलून गेला. आणि पुन्हा कधी ते मनात येऊ दिलं नाही.

आता ते आलंच. त्या दिवशी ते खरं असेल, तर आजही खरं. आज नुसता आवाज असेल, तर तेव्हाही नुसताच. दोन्हीकडं वेगळं माप लावता येत नव्हतं.

अवधूतनं नावाची पाटी उचलली. मिन-हो. सुखदानं उचलली. आवा. करिष्मा माइक घेऊन टेबलासमोर आली.

कोंडाजी उठून उभा राहिला. बसून त्याला बोलताच आलं नसतं.

"ह्या पोरानं आज लई चांगलं म्हटलं," तो म्हणाला. "शेवट तर असा, की मला जमला नसता न् माझ्या शाहिरालाबी. पर मधी माझा आवाज पडला. मी ठरवून न्हाई केलं, पडला. अडल्या माणसाला तेवढ्यानं ओळ सापडती, हे मला ठावं हाय. मी तीस वर्सं तेच केलंय. तवा तो आवाज मोजावा लागंल. बाईंना कुणी दिला न्हाई. त्या सोळाच्या सोळा एकल्या बोलल्या. माझं मत त्यांना."

करिष्मानं इंग्रजी करायला सुरुवात केली.  दुभाष्यानं ते कोरियनमध्ये नेलं, दुसऱ्यानं आवाच्या कानाशी. एवढ्या भाषा फिरून येईपर्यंत कोंडाजी उभाच होता. वरच्या बाल्कनीतून पोरांनी नापसंतीचा आवाज काढला. मंडळातले एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसले.

आवानं विजेत्याची ढाल घेतली, पण ती उंच धरली नाही. मिन-होपाशी जाऊन तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. करिष्मानं नंतर कोंडाजीला सांगितलं ते असं, की तुझ्या आईचं सूप मला प्यायचंय, बोलाव.

लोक बाहेर पडले. पोरं वायरी गुंडाळत होती. सुखदा जाताना म्हणाली, तुमचं मला पटलं नाही, पण मी रात्रभर विचार करीन. कोंडाजी टेबलापाशीच होता. मिन-हो दुभाष्याला घेऊन त्याच्याकडं आला. तोंडावर हसू नव्हतं, आणि ते ओढूनताणून आणावं असंही त्याला वाटलेलं दिसत नव्हतं. दुभाष्यानं सांगितलं, पुढच्या महिन्यात ह्याला सैन्यात जायचंय. त्यांच्याकडं सगळ्या मुलांना जावं लागतं, दीड वर्ष. तोवरचा हा शेवटचा सामना होता.

  माफी मागावी तर दिलेलं मत खोटं पडत होतं. कोंडाजीनं टेबलावरचे कागद सरळ करून ठेवले.

मिन-होनं विचारलं, ते लांबवता ते किती वेळ लांबवता येतं?

"समोरच्याला ओळ सापडंस्तवर," कोंडाजी म्हणाला.

"आणि तुमचाच दम संपला तर?"

"झीलकरी दोघं असतात. एकाचा संपत आला की दुसऱ्यानं उचलायचं. मधी तुटू द्यायचं न्हाई." त्यानं बोटांनी दाखवलं, एका हातातली दोरी दुसऱ्या हातानं कशी धरायची ते.

पोरानं सुखदाची रिकामी खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. त्याला शिकायचं होतं. कोंडाजीनं आधी ते मनावर घेतलं नाही, मग त्याच्या बसण्याकडं पाहून घेतलं. त्यानं पोराचे खांदे खाली दाबले, पोटावर चापट मारून श्वास कुठून काढायचा ते दाखवलं आणि स्वतः सूर लावला, माइकशिवाय, घरात लावावा तेवढा.

मिन-होनं त्यावर आपला आवाज ठेवला. पहिल्यांदा तो चिरकला. अवधूत दारातून वळून बघायला लागला, करिष्माच्या हातातली वायर तशीच राहिली. दुसऱ्यांदा बरा लागला. पोराचा दम सरत आला तेव्हा कोंडाजीनं उचललं. मग स्वतःचा सरायला लागला, तसा त्यानं मान वळवून पोराकडं पाहिलं.